बिनराजकारणाची भाकर

शांतीवहिनींच्या लेकीच्या, भावनाच्या हळदीला अठरा दिवस राहिले असताना त्यांच्या ओटीवर भाकरीवरून भांडण पेटलं, आणि ते विझवायला त्यांचा मुलगा प्रितेश पाण्याची बादली घेऊन यायच्या ऐवजी लॅपटॉप घेऊन बाहेर आला. सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

भांडण तसं जुनंच होतं. वरल्या आळीच्या आशालताबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "माज्या पोराच्या हलदीला तू किती भाकऱ्या थापल्यास गो शांते? साठ! साठ थापल्यास नि पायाला मुंग्या आल्या म्हनून उठलीस. मी तुज्या दिराच्या लग्नाला दोनशे थापल्या व्हत्या."

"साठ?" शांतीवहिनींचा पदर कमरेला गेला. "एकशे साठ! वर तुज्या ननंदेचा तवा पन मीच सांभालला."

"साक्षीला कोन हाय?"

"तुजी ननंद."

"ती माज्याशी बोलत नाय!"

"मंग ती माजी चूक हाय व्हय?"

धाकटी खार हे गाव पनवेलहून कर्नाळ्याच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला आत शिरतं. मोठी खार कुठे आहे, हे आजवर कुणालाही सापडलेलं नाही. पण आपण धाकटे आहोत म्हणजे कुणीतरी थोरला आपला हिस्सा दाबून बसलेला आहे, यावर गावात एकमत आहे. गावातलं हे एकमेव एकमत. बाकी सगळं दोन-दोन. आळ्या दोन, वरली आणि खालची, आणि त्यांच्या उंचीत फरक चार बोटांचा. भजनी मंडळं दोन, क्रिकेटचे संघ दोन, न्हावी दोन. वरल्या आळीचा माणूस बेशुद्ध पडला तरी खालच्या आळीच्या रिक्षात बसत नाही. आधी शुद्धीवर येतो, रिक्षा कुणाची ते बघतो, आणि मग हवं तर पुन्हा बेशुद्ध पडतो.

जमिनी गेल्या, पैसा आला, तेव्हापासून इथल्या हळदीत सगळं विकत मिळतं. मांडव भाड्याचा, बॅन्जो भाड्याचा, मटणाला आचारी बाहेरचा. भाकरी मात्र विकत आणायची नाही. गावच्या बायकांनी आपापली परात, आपापला तवा घेऊन यायचं आणि तांदळाच्या भाकऱ्या थापायच्या. आज तुझ्या मांडवात मी, उद्या माझ्या मांडवात तू. हा नियम मोडला एकट्या दयारामनं. नऊ वर्षांपूर्वी मुलाच्या हळदीला त्यानं पनवेलच्या एका हॉटेलातून आठशे भाकऱ्या टेम्पोत घालून आणल्या. त्या दिवसापासून त्याचं आडनाव पार्सल झालं. आज पोस्टमनलाही खरं आडनाव आठवत नाही. दयारामच्या नातीला शाळेत घातली तेव्हा गुरुजींनी हजेरीत सरळ 'पार्सल' लिहिलं, आणि पोरीनंही काही हरकत घेतली नाही.

प्रितेश महाप्याच्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करायचा. वय सत्तावीस. गेले सहा महिने तो त्या नव्या आकडी चलनाच्या नादाला लागला होता. ज्याला सरकार नाही, बँक नाही, गव्हर्नरची सही नाही. त्यात त्यानं स्वतःचे साडेचार हजार रुपये घालून त्यांचे अकराशे केले होते, पण श्रद्धा असल्या किरकोळ गोष्टींनी ढळत नाही. नोटाबंदीत त्याच्या आईनं डाळीच्या डब्यातले पैसे बाहेर काढून बँकेसमोर तीन दिवस रांग धरली होती. त्या रांगेतसुद्धा दोन रांगा होत्या, वरल्या आळीची आणि खालच्या आळीची. त्या दिवशी प्रितेशनं मनाशी खूणगाठ बांधली होती, की पैशात राजकारण शिरतं कारण पैसा कुणाच्या तरी हातात असतो. तो कुणाच्याच हातात नसला की झालं.

"भांडू नका," तो म्हणाला. "माझ्याकडे उपाय आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी गावदेवीच्या देवळाच्या पडवीत त्यानं दोन्ही आळ्यांच्या बायकांना गोळा केलं. एका अंगाला वरली आळी, दुसऱ्या अंगाला खालची, आणि मधोमध खांबाला टेकून, पाय लांब करून, गुणाआजी. गुणाआजीचं दोन्ही आळ्यांशी सारखंच भांडण असल्यामुळे ती गावातली एकमेव निष्पक्ष व्यक्ती समजली जायची.

"या चलनाचं नाव भाकर," प्रितेश सांगू लागला. "दुसऱ्याच्या मांडवात शंभर भाकऱ्या थापल्या, की तुमच्या फोनमध्ये एक भाकर जमा. तुमच्याकडे कुणी शंभर थापल्या, की तुमची एक भाकर त्यांच्याकडे. याची नोंद सगळ्यांच्या फोनमध्ये एकाच वेळी राहणार. कुणाला खोडता येणार नाही, कुणाला वाढवता येणार नाही."

"नि वही कोनाकडं ठेवनार?" आशालताबाईंनी विचारलं. त्या एकदा सरपंच होऊन गेल्या होत्या, त्यामुळे मुद्द्याचं विचारायची सवय.

"कुणाकडेच नाही. सगळ्यांकडे."

"साहेब कोन?"

"कुणी नाही."

"मंग सही कोन करनार?"

"सही नाही, मावशी. नोंद आली की प्रत्येकीच्या फोनवर दोन बटणं येतील. हिरवं म्हणजे हो, तांबडं म्हणजे नाही. अर्ध्याहून जास्त फोनांनी हो म्हटलं की नोंद पक्की."

गुणाआजीनं डोळे उघडले. "म्हंजे मतदान."

"मतदान नाही, आजी. हे गणित आहे. फोन आपसांत एकमत करतात."

"अर्ध्याहून जास्तीनी का सगल्यांनी?"

"अर्ध्याहून जास्तीनं."

"मंग मतदानच हाय की रं बाला," आजी म्हणाली आणि तिनं डोळे पुन्हा मिटले.

बायकांना बाकीचं काही कळलं नाही, पण समोरचीची भाकरी खोडायला आपल्या हातात तांबडं बटण येणार, एवढं पक्कं समजलं, आणि सगळ्या एकदम राजी झाल्या. त्या दिवशी एक्केचाळीस फोन जोडले गेले. वीस वरल्या आळीचे, वीस खालच्या आळीचे आणि एक प्रितेशचा.

पहिला आठवडा मोठा सुखाचा गेला. काशिराम सरपंचांकडे सत्यनारायण होता, तिथल्या तीनशे भाकऱ्यांची नोंद बिनतक्रार झाली. एका बाईनं अर्धी भाकर देऊन वाटाभर सुकट घेतली. एका रिक्षावाल्यानं पाव भाकरीत पनवेल स्टँडपर्यंत सोडलं. प्रितेशला वाटलं, जगात जे भल्याभल्यांना जमलं नाही ते आपल्या गावानं करून दाखवलं. रात्री जेवताना तो बापाला म्हणाला, "बाबा, बघा. ना सरपंच, ना समिती."

बळीराम न्हावा शेव्याच्या बंदरात क्रेनवर होते. चाळीस टनांचा कंटेनर एका बोटानं उचलणारा हा माणूस घरात मत मात्र उचलून धरत नसे. ते म्हणाले, "हं."

आठव्या दिवशी जाडी निघाली.

झालं असं, की वरल्या आळीची भाकरी जाड असते. पूर्वीपासून. दोन खाल्ल्या की माणूस आडवा होतो. खालच्या आळीची पातळ, इतकी पातळ की तिच्यातून पेपर वाचता येतो, असं वरली आळी म्हणते. आशालताबाईंनी फोनवर ठराव टाकला, की जाड भाकरीला पीठ जास्त, मेहनत जास्त, सबब एक जाड भाकरी दीड धरावी. खालच्या आळीनं पाच मिनिटांत उलटा ठराव टाकला, की भाकर तितकी भाकर, जाडी मोजू नये.

वीस हिरवे, वीस तांबडे. राहिला प्रितेशचा एक.

"मी मत देणार नाही," प्रितेश म्हणाला. "मी चलन काढलंय. मीच बाजू घेतली तर ते माझ्या हातातलं झालं. मग त्यात आणि नोटेत फरक काय?"

हे ऐकून दोन्ही आळ्यांना त्याच्याबद्दल आदर वाटला, आणि दोन्ही आळ्या फोन विकत घ्यायला पनवेलला धावल्या.

कारण हिशेब उघड होता. जेवढे फोन, तेवढी बटणं. वरल्या आळीनं जुने चार आणले, खालच्या आळीनं सकाळी पाच. वरल्या आळीनं दुपारी सहा. स्टँडसमोरच्या जुन्या फोनवाल्याला वाटलं, आपलं नशीब उघडलं. त्यानं दुकानाला नवीन पाटी केली. काचा तडकलेले, बटणं गळलेले, पाण्यात पडून सुजलेले, सगळे फोन धाकट्या खारीत येऊन दाखल झाले. माणसं संपली तेव्हा कुणी वारलेल्या सासऱ्याच्या नावानं फोन जोडला, कुणी बोटीवर गेलेल्या दिराच्या. एका घरात म्हशीच्या नावानं एक फोन निघाला, आणि विचारल्यावर मालकीण म्हणाली, "भाकऱ्या तीच खाते सगल्यात जास्ती, तिला नको हक्क?" चारशे बारा वस्तीच्या गावात हळदीच्या पाच दिवस आधी सहाशे पस्तीस फोन झाले होते. तीनशे सतरा वरल्या आळीचे, तीनशे सतरा खालच्या आळीचे. आणि एक प्रितेशचा.

मधल्या काळात गावच्या वेशीवर दोन फ्लेक्स लागले. एकावर काशिराम सरपंच कानाला फोन लावून: 'भाकर चलनाचे खंबीर मार्गदर्शक'. दुसऱ्यावर आशालताबाई, हातात परात: 'भाकर चलनाच्या माऊली'. दोन्ही फ्लेक्सवर खाली कोपऱ्यात प्रितेशचा हात जोडलेला फोटो होता. तो चुलतभावाच्या लग्नातून कापलेला, त्यामुळे दोन्हीकडे त्याच्या खांद्यावर कुणातरी तिसऱ्याचंच कोपर दिसत होतं.

पण खरी गाठ पुढेच बसली. आशालताबाई निरोप सांगायला स्वतः आल्या. "शांते, राग नको मानू. पन निकाल लागल्याबिगर आमी परातीला हात नाय लावनार. माजी भाकर एक का दीड, ह्येच जर मना ठावं नाय, तं मी थापू काय म्हनून?"

खालच्या आळीचा निरोप तासाभरात आला. तोच. शब्दसुद्धा तेच.

"मग तू एक बटण दाब नि मोकला हो," शांतीवहिनी मुलाला म्हणाल्या. त्यांचं माहेर वरल्या आळीत, सासर खालच्या, आणि घर नेमकं चार बोटांच्या मध्यावर. "कंचं पन."

"जाडीचं दाबलं तर खालची आळी येईल?"

"नाय."

"पातळचं दाबलं तर वरली?"

"नाय."

"मग काय दाबू?"

"मंग ते बंदच कर."

"आई, ते बंद करता येत नाही," प्रितेश म्हणाला. हे सांगताना त्याच्या आवाजात अजूनही थोडा अभिमान होता. "कुणाला बंद करता येऊ नये, हीच तर त्यातली गंमत आहे. बंद करायलासुद्धा अर्ध्याहून जास्त फोन लागतात."

शांतीवहिनींनी हातातला झारा असा काही धरला, की बळीराम उठून अंगणात गेले.

तीन हजार भाकऱ्या लागणार होत्या. पाहुणे पाचशेच्या वर. प्रितेशनं मुकाट्यानं पनवेलच्या तीन केटरर्सना फोन केले. तिघेही द्यायला तयार होते. पण तो तिसऱ्याशी बोलत असतानाच मागे भावना उभी होती.

भावना बारीक अंगाची, कमी बोलणारी पोरगी. पनवेलच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली. गेले दोन आठवडे तिच्या हळदीवरून गाव पेटलं होतं, पण तिला एका शब्दानं कुणी काही विचारलं नव्हतं.

"टेम्पो किती वाजता येणार?" तिनं विचारलं.

"भावना, ऐक ना..."

"नाही, वेळ सांग. म्हणजे मी चिरनेरला, सासरी कळवते. त्या घरात पाऊल टाकायच्या आधी माझं नाव पोचलेलं बरं. पार्सलवाल्यांची भावना. दादा, मला तुझं चलनबिलन काही कळत नाही. माझ्या हळदीला माझ्या गावच्या बायका याव्यात. एवढंच मागतेय मी. गाणी म्हणत, एकमेकींना शिव्या देत, कशाही. पण याव्यात."

प्रितेशनं फोन ठेवला. बहिणीच्या डोळ्यांतलं पाणी कुठल्याच गणितात बसत नव्हतं.

तो चपला घालून बाहेर पडला आणि घरोघर विनवण्या करू लागला. पहिल्या दारात तो हात जोडूनच उभा राहिला. दुसऱ्या दारात घरधनी म्हणाला, "येतील रं बायका. पन आमच्या दारासमोरचा दिव्याचा खांब बग ना जरा." प्रितेश "बघतो" म्हणाला. तिसऱ्या दारात एका पोराला कंपनीत चिकटवायचं होतं. चौथ्या दारात नळाला पाणी येत नव्हतं. या गावात कुणी हात जोडून दारोदार निघालं की त्याच्या मागून चालायचं, अशी माणसांना सवयच आहे. पाचव्या घरापर्यंत त्याच्या मागे चार माणसं होती, दहाव्यापर्यंत पंधरा. बाराव्या घरी कुणीतरी त्याला ओवाळलं. विसाव्या घरी मागून घोषणा आली, "प्रितेशदादा तुम आगे बढो!" प्रितेश दचकून मागे वळला आणि ओरडला, "अरे, मी कशालाही उभा नाही!"

"पहिला सगले असंच बोलतात," मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे समजूतदारपणे हसले.

एकशे चार घरं झाली. एकशे चार चहा झाले. बायका येणार का, याला प्रत्येक दारात उत्तर एकच मिळालं. "बघू."

हळदीच्या आदल्या दिवशी सकाळी तो मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. वर झिरमिळ्या लागल्या होत्या, कोपऱ्यात नव्या चुली मांडल्या होत्या, पीठ दळून आलं होतं आणि थापायला कुणी नव्हतं. भावना हातावर मेंदी वाळवत बाहेर आली. शेजारी बसली.

"दादा, वरल्या आळीचा ग्रुप आहे ना तुझ्या फोनवर?"

"आहे. खालच्याचापण आहे. दोन्हींत मीच तटस्थ."

"मी सांगते ते लिही. आधी वरल्या आळीच्या ग्रुपवर. 'खालच्या आळीच्या साठ जणी उद्या सकाळी आठ वाजता आपले सगळे फोन घेऊन आमच्या मांडवात येत आहेत. तुम्ही आला नाहीत तरी चालेल, त्या सांभाळून घेतील.'"

प्रितेशनं लिहिलं. "आणि खालच्या आळीला?"

"तेच. फक्त आळी बदल."

प्रितेशचा अंगठा फोनवर अधांतरी राहिला. "भावना, हे खोटं आहे."

"खोटं कुठे? दोन्ही आळ्या येतायत असंच लिहिलंय. आल्या की खरं होईल."

"पण हे... हे तर सरळ सरळ..."

"काय?"

त्याला तो शब्द तोंडातून काढवेना. गेले सहा महिने तो ज्याच्या विरुद्ध जगाला पटवत होता, तेच बहिणीनं मेंदीचे हात वर धरून चार ओळींत मांडलं होतं. त्यानं तिच्याकडे पाहिलं. ती मेंदीकडे बघत होती, पण खालचा ओठ दाताखाली होता.

त्यानं अंगठा टेकवला. एकदा. मग ग्रुप बदलून पुन्हा एकदा.

दुसऱ्या दिवशी आठ वाजायचे होते, तर साडेसातलाच वरल्या आळीकडून बहात्तर बायका निघाल्या. डोक्यावर पराती, काखेत तवे आणि प्रत्येकीच्या हातात फोनांची पिशवी. समोरून खालच्या आळीच्या एकोणऐंशी येताना दिसल्या. मांडवाच्या दाराशी दोन्ही फौजा समोरासमोर उभ्या ठाकल्या.

"आलीस व्हय?" आशालताबाई म्हणाल्या.

"तुमी येनार नव्हताव ना?" खालच्या आळीकडून आवाज आला.

"मैदान मोकलं सोडू? बिनइरोध?"

आणि दोन्ही फौजा एकदमच आत घुसल्या. उजव्या अंगाला वरली आळी, डाव्या अंगाला खालची. चुली पेटल्या, उकड निघाली, आणि अशा काही भाकऱ्या पडायला लागल्या, की थापांच्या आवाजानं बॅन्जोवाल्यानं आपला ताल सोडून त्यांचा धरला. एकीनं गाण्यातून टोमणा मारला, दुसरीनं गाण्यातूनच परत केला. पिठाचा असा धुरळा उठला की बळीराम मांडवातून एकदा गेले आणि बाहेर आल्यावर त्यांना ओळखीच्या चौघांनी पाहुणे समजून रामराम केला.

पण शंभर भाकऱ्या झाल्या की नोंद, आणि नोंद आली की सहाशे चौतीस फोन एकदम टिणटिण करायचे. आता उकडीनं माखलेलं बोट फोनला लागेना. दाबलं तरी फोनला कळेना. पुसावं तर समोरची दोन भाकऱ्यांनी पुढे जाणार!

"आरं, कोन तरी दाबा रं हे!" आशालताबाई ओरडल्या.

"जिचे हात कोरडे ती दाबंल!" खालच्या आळीनं प्रथमच त्यांना दुजोरा दिला.

सगळ्या मांडवात कोरड्या हाताची बाई एकच होती. गुणाआजीचे गुडघे वाकत नसल्यामुळे ती भाकरीला बसली नव्हती. खुर्चीत बसून दोन्ही आळ्यांना नावं ठेवत होती. पोरांनी दोन्हीकडचे फोन मासळीच्या दोन मोठ्या पाट्यांत भरून तिच्या पायाशी आणून ठेवले.

"आजी, हिरवं दाबायचं," प्रितेश घाईघाईनं म्हणाला. "पण जपून. फोनवर जुने ठरावपण उघडेच पडलेत, निकालापर्यंत मत बदलता येतं, त्यांना हात..."

"मना वाचता येत नाय रं," आजी म्हणाली. "हिरवं दिसंल ते दाबीन." आणि तिनं पदर खोचला.

तिनं काय अंगठा चालवला! भात लावतात तसा. एक फोन उचलायचा, दाबायचं, टाकायचा, दुसरा. दुपारपर्यंत तिनं सगळ्या नोंदी पक्क्या केल्या, आणि त्यांच्या खाली पडलेले सगळे ठरावही निकाली काढले.

प्रितेशनं आपला फोन उघडून पाहिला. जाड भाकर दीड धरावी: सहाशे चौतीस विरुद्ध शून्य, मंजूर. भाकर तितकी भाकर, जाडी मोजू नये: सहाशे चौतीस विरुद्ध शून्य, मंजूर. जी सत्ता कुणाच्याच हातात द्यायची नव्हती, ती सगळी सकाळपासून एका म्हातारीच्या उजव्या अंगठ्यात होती, आणि तिनं दोन्ही पक्षांना निवडून दिलं होतं.

आता ठिणगी पडणार म्हणून तो डोळे मिटून उभा राहिला. तेवढ्यात उजवीकडून आरोळी उठली, "दीड झाली! आमची दीड झाली!" डावीकडून त्याहून मोठी आरोळी आली, "जाडी उडाली! भाकर तितकी भाकर!" दोन्हीकडून फटाक्यांच्या माळा लागल्या. प्रत्येक आळीनं आपला ठराव वाचला होता. समोरच्यांचा वाचायची या गावात पद्धत नाही.

नामंजूर ठराव एकच झाला होता. काशिराम सरपंचांनी तीन दिवसांपूर्वी हळूच टाकलेला, की चलनावर सरपंचांचा फोटो असावा. त्यावर सहाशे चौतीस तांबडे होते.

"आजी," प्रितेशनं हळूच विचारलं, "वाचता येत नाही म्हणालात ना?"

"नाय येत."

"मग हा एकच तांबडा कसा?"

"फोटो व्हता ना त्याच्यावर," आजी म्हणाली. "तोंड वाचता येतं मना."

संध्याकाळी उष्टी हळद घेऊन चिरनेरहून नवऱ्याकडची माणसं आली. भावना पाटावर बसली होती, गालापासून कोपरापर्यंत पिवळी, आणि तिच्या भोवती दीडशे बायका, पिठानं पांढऱ्या, सकाळपासूनच्या गाण्यांनी घसा बसलेल्या. तिनं बायकांच्या डोक्यांवरून भावाकडे पाहिलं आणि नुसती मान हलवली. प्रितेशला हुंदका आला, पण तेवढ्यात त्याला भाकऱ्यांचा आकडा कळला आणि हुंदका जागीच राहिला. तीन हजारांच्या जागी सहा हजार आठशे झाल्या होत्या. पाहुण्यांनी खाऊन, गावानं खाऊन, म्हशीनं आपला हक्क बजावूनही तीन टोपल्या शिल्लक होत्या. त्यातली एक चिरनेरच्या जीपमध्ये चढली.

जीप निघायच्या आधी नवऱ्याचे थोरले चुलते प्रभाकरशेठ प्रितेशला बाजूला घेऊन गेले. "प्रितेशशेठ, हा प्रकार मी उभ्या जल्मात पायला नाय. दोन आळ्या, नि एका मांडवात! आमच्यात पन हायत दोन. पंचवीस वरसं एकीची बाई दुसरीच्या चुलीवर गेली नाय. ते तुमचं बिनराजकारनाचं मशीन आमच्याकडं कदी लावताव?"

प्रितेशला खरं सांगायचं होतं. त्यात राजकारण नसतं असं मला वाटलं होतं, पण तसं निघालं नाही. उलट राजकारण होतं म्हणून आज माझ्या बहिणीची हळद झाली, असं काहीतरी. पण आजूबाजूला बरीच माणसं जमली होती. दिव्याच्या खांबावाला होता, नळवाला होता, नोकरीवाल्या पोराचा बाप होता, आणि सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. त्याचे हात आपोआप जुळले, चेहऱ्यावर एक मंद हसू आलं, आणि कधी न ऐकलेल्या एका भारदस्त आवाजात तो म्हणाला,

"निवेदन देऊन ठेवा. बघतो."